नाट्यविद्या, विद्यापीठ आणि समाज



बारावीचा निकाल लागला की मराठी मध्यमवर्गीय घरांतून एक ठरावीक चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, वाणिज्य, संगणक, स्पर्धा परीक्षा असे पर्याय मांडले जातात. या चर्चेत घरातील मुलाने वा मुलीने ‘नाट्यशास्त्र हा विषय घेऊन पदवी करायची आहे’ असे सांगितले, तर क्षणभर शांतता पसरते. मग वडील पोटापाण्याचा प्रश्न काढतात. आई संगतीची काळजी बोलून दाखवते. आणि तरुणपणी गणेशोत्सवातील नाटकात हौसेने तोंडाला रंग लावलेले आजोबा म्हणतात, “नाटक आवड म्हणून करावे. त्यात कॉलेजात जाऊन शिकण्यासारखे काय आहे?”

हे तिन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांची टर उडवून चालणार नाही. मात्र त्यांतील आजोबांचा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. शिकण्यासारखे काय आहे हेच ठाऊक नसेल, तर त्या शिक्षणाची किंमत ठरवता येणार नाही आणि त्यातून पोट कसे भरेल हेही सांगता येणार नाही.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ सादर केले. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून आणि महाविद्यालयीन तरुणांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. नाटकावर इतके प्रेम करणारा समाज देशात विरळा. तरीही याच समाजाला नाटकाची पदवी ऐकून हसू येते. हौस, स्पर्धा आणि व्यवसाय या तीन वाटा मराठी माणसाला परिचित आहेत; विद्या म्हणून नाटकाकडे जाणारी चौथी वाट मात्र अजून अनोळखी राहिली आहे.

शास्त्र पोथीत, प्रयोग मंदिरात

वास्तविक, नाटक ही शिकण्याची गोष्ट आहे हा विचार या भूमीला नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचे नाव अभिमानाने घेतले जाते. परंतु त्यात आहे काय, हे पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. त्याचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीविषयी आहे. प्रेक्षागृहाचे तीन आकार आणि तीन मापे त्यात दिली आहेत. मर्त्य माणसांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे मध्यम माप योग्य मानले आहे. कारणही दिले आहे : गृह याहून मोठे झाले तर नटाचा शब्द अस्पष्ट होतो आणि चेहऱ्यावरील भाव मागच्या प्रेक्षकाला दिसत नाहीत. हजार-हजार खुर्च्यांची सभागृहे बांधून मग ध्वनिक्षेपकांची सोय पाहणाऱ्या आजच्या नगरपालिकांनी हा अध्याय जरूर वाचावा.

पुढील अध्यायांत हात, नेत्र, पाय, चाल, स्वर, भाषा, वेशभूषा, वाद्ये यांचा क्रमवार विचार येतो. आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य अशी अभिनयाची चार अंगे सांगितली आहेत. सत्ताविसाव्या अध्यायात तर प्रयोगाची सिद्धी कशी मोजावी, प्रेक्षकाच्या अंगी कोणते गुण असावेत आणि वाद उपस्थित झाल्यास निर्णय कोणी द्यावा, हेही आले आहे. यज्ञाच्या दृश्याबद्दल शंका असेल तर यज्ञवेत्त्याने, शब्दाबद्दल असेल तर वैयाकरणाने, शस्त्राबद्दल असेल तर धनुर्धराने आणि चित्राबद्दल असेल तर चित्रकाराने मत द्यावे, अशी ही योजना आहे. याला अभ्यासक्रम म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

पण ही परंपरा अखंड हाती आली नाही, हेही तितकेच खरे. नाट्यशास्त्रावरील अभिनवगुप्ताचार्यांची ‘अभिनवभारती’ ही टीका शतकानुशतके जवळजवळ नावापुरती उरली होती. केरळमध्ये तिची हस्तलिखिते मिळाली आणि रामकृष्ण कवी यांनी संपादन केलेला पहिला खंड १९२६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेतून प्रसिद्ध झाला. भासाचेही तसेच. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत त्याचे नाव आदराने घेतले आहे, पण त्याची नाटके कोणी पाहिली नव्हती. टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रम संस्कृत मालेतून तेरा नाटके भासाची म्हणून छापली. त्यांच्या कर्तृत्वाविषयी पंडितांत पुढे बराच वाद झाला, तो भाग वेगळा.

विशेष असे की, त्याच केरळमधील मंदिरांच्या कूत्तंबलमांत चाक्यार कलावंत कूडियाट्टमच्या रूपाने यांतील काही नाटकांचे अंक पिढ्यानपिढ्या सादर करीत होते. पंडितांकडे नाव होते आणि प्रयोग नव्हता. कलावंतांकडे प्रयोग होता, पण त्याचे मोल मंदिराच्या आवाराबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. दोघांची गाठ पडली तेव्हा संस्कृत रंगभूमीच्या इतिहासाचे एक हरवलेले पान सापडले. युनेस्कोने २००१ मध्ये कूडियाट्टमचा मानवतेच्या अमूर्त वारशातील श्रेष्ठ कलाकृतींत समावेश केला. कावालम नारायण पणिक्कर यांनी १९७८ मध्ये भासाचा ‘मध्यमव्यायोग’ रंगभूमीवर आणला, तेव्हा ग्रंथ आणि केरळची प्रयोगपरंपरा यांना एकत्र आणूनच तो उभा केला.

विद्यापीठातील नाट्यविभागाचे प्रयोजन नेमके येथे आहे. पोथी आणि रंगमंच यांची गाठ घालून देणे, हे त्याचे काम. नट घडवणे हा त्या कामाचा केवळ एक भाग आहे.

एका अंकाचा धडा

हे काम वर्गात कसे चालते? भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक घ्यावा. या अंकाला ‘छाया’ असे नाव आहे. सीतात्यागाला बारा वर्षे लोटली आहेत. श्रीराम पंचवटीत परत येतात. सीता तेथेच आहे, परंतु भागीरथीच्या कृपेने ती मर्त्यांनाच नव्हे, तर वनदेवतांनाही दिसत नाही. रामाला तिचा स्पर्श जाणवतो. ती मात्र दिसत नाही. प्रेक्षकांना ती दिसते.

हा अंक नुसता वाचणाऱ्या विद्यार्थ्याला करुणरसाची व्याख्या कळते. तो उभा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मात्र प्रश्नांची रांग लागते. समोर उभी असलेली नटी अदृश्य आहे हे प्रेक्षकाला कसे पटवायचे? प्रकाशाचा वेगळा झोत टाकायचा, की भरतमुनींच्या कक्ष्याविभागाचा आधार घेऊन रंगमंचाचेच भाग पाडायचे आणि संकेतावर विश्वास ठेवायचा? रामाची भूमिका करणाऱ्याने नजर कोठे ठेवायची? ती चुकून सीतेवर स्थिरावली तर सारा अंक कोसळतो. मूर्च्छेतून सावध होणाऱ्या माणसाचा श्वास कसा असतो? संस्कृत श्लोक मराठीत कसा बोलायचा, गद्यात की छंदात? वनवासातील सीतेचे वस्त्र कोणत्या रंगाचे आणि त्या रंगावर पिवळा प्रकाश पडला तर ते कसे दिसेल?

या प्रत्येक प्रश्नामागे एक विषय उभा आहे. त्यात स्वरसाधना आणि शरीरसाधना येते, नेपथ्याचा प्रमाणबद्ध आराखडा येतो, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा आणि भाषांतरविद्या येते. त्याखेरीज तालमींचे वेळापत्रक, खर्चाचा हिशेब आणि पडद्यामागच्या हालचालींची नोंदवही हेही विद्यार्थ्यालाच सांभाळावे लागते. भरतमुनींबरोबर ॲरिस्टॉटल, स्तानिस्लावस्की आणि ब्रेश्त यांचा अभ्यास येतो. दशावतार, तमाशा, यक्षगान, अंकिया नाट येतात. तीन वर्षे असे काम केलेला विद्यार्थी कोणतीही गोष्ट वरवर पाहून सोडून देत नाही.

याच अंकात आणखी एक धडा आहे. वनदेवता वासंती श्रीरामांना सीतात्यागाबद्दल कठोर शब्दांत जाब विचारते. भवभूतीची रामभक्ती त्यामुळे उणावत नाही. उलट राजधर्म आणि पतिधर्म यांच्यामध्ये होरपळलेल्या रामाचे दुःख प्रेक्षकाच्या काळजाला भिडते ते त्या जाब विचारण्यामुळेच. वासंतीची भूमिका करणाऱ्या मुलीला तो राग आणि रामाची भूमिका करणाऱ्या मुलाला ती वेदना, दोन्ही आतून समजून घ्यावी लागतात. दुसऱ्याच्या अंतःकरणात उतरण्याचे हे शिक्षण दुसऱ्या कोणत्या पदवीत इतक्या नेटाने दिले जाते?

विद्यापीठांचाही अविश्वास

नाटकाच्या पदवीविषयीचा संशय केवळ मराठी घरांत आहे असे समजू नये. अमेरिकेत नाट्यशिक्षणाची पहिली पदवी १९१४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रशिक्षण संस्थेत सुरू झाली. त्याच काळात हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर हे प्राध्यापक नाट्यलेखन शिकवत होते. युजीन ओनील हा पुढे नोबेल मिळवणारा नाटककार १९१४ मध्ये त्यांच्या वर्गात बसला होता. तरीही हार्वर्डमध्ये या विद्येला स्वतंत्र पदवीचा मान मिळू शकला नाही आणि १९२५ मध्ये बेकर येल विद्यापीठात निघून गेले. इंग्लंडमध्ये विद्यापीठातील पहिला नाट्यविभाग १९४७ मध्ये ब्रिस्टल येथे निघाला. त्या विभागातील एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून त्याच्या मित्राने आपले पहिले नाटक लिहिले आणि १९५७ मध्ये ते तेथेच सादर झाले. तो मित्र हॅरॉल्ड पिंटर आणि ते नाटक ‘द रूम’. पिंटर यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यापीठाचे छोटेसे रंगस्थान नव्या नाटककाराला पहिली संधी देऊ शकते, ती अशी.

भारतात या कार्याला राजाश्रयही लाभला होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८८६ मध्ये बडोद्यात संगीतशाळा काढली. पुढे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संगीत आणि नृत्याबरोबर नाट्यालाही स्थान मिळाले. कोलकात्याला १९६२ मध्ये रवींद्र भारती विद्यापीठ सुरू झाले. दिल्लीत संगीत नाटक अकादमीने १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन केले. महाराष्ट्रात मराठवाडा विद्यापीठाने १९७० च्या दशकात नाट्यविभाग उभा केला. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या मुलांसाठी आजच्या छत्रपती संभाजीनगरात उघडलेले ते दार होते. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र आले आणि १९९६ ते २००९ या काळात नाटककार सतीश आळेकर यांनी त्याची धुरा वाहिली. मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली नाट्यकला अकादमी सुरू झाली. बीड जिल्ह्यातील खेड्यातून आलेले केंद्रे पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले.

पोटापाण्याचा प्रश्न

आता वडिलांचा प्रश्न. त्याचे उत्तर गोड शब्दांत देऊन फसवणूक करू नये. नाटकाची पदवी घेतली म्हणून मालिकांत काम मिळेल याची कोणतीही हमी नाही. केवळ चेहरा झळकावा या इच्छेने या शिक्षणाकडे येणाऱ्या मुलाची निराशा होण्याचीच शक्यता अधिक. त्याला तसे आधीच स्पष्ट सांगणे हे पालकांचे कर्तव्य आहे.

पण नट होणे हा या विद्येचा एकमेव उपयोग नाही. प्रकाशयोजनाकार, नेपथ्यकार, रंगमंच व्यवस्थापक, आकाशवाणीचा निवेदक, ध्वनिमुद्रणातील आवाज, संहितालेखक, शाळेतील नाट्यशिक्षक आणि महाविद्यालयातील प्राध्यापक अशा वाटा आहेत. प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत नाट्य हा विषय आहे. अडचण आहे ती शाळांच्या पातळीवर. चित्रकला आणि शारीरिक शिक्षण यांना जसे वर्षानुवर्षे शिक्षक मिळत आले, तसे नाट्याला मिळाले नाहीत. स्नेहसंमेलन जवळ आले की मराठीच्या बाईंना नाटक बसवायला सांगितले जाते आणि तेथेच शाळेचे नाट्यशिक्षण संपते.

शेजारच्या कर्नाटकाने या बाबतीत पुढचे पाऊल टाकले. शिमोगा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९४९ मध्ये ‘नीनासम’ ही संस्था काढली आणि १९८० मध्ये तेथे नाट्यप्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुपारीच्या बागांमधील त्या गावातून शिकून गेलेले विद्यार्थी कन्नड मुलखात सर्वदूर नाटक करू लागले. कर्नाटक शासनाने सरकारी माध्यमिक शाळांत नाट्यशिक्षक नेमले, तेव्हा अशा प्रशिक्षितांना शाळेचे दार उघडले. महाराष्ट्रातील संस्थाचालकांनी आणि शासनाने विचार करावा असे हे उदाहरण आहे.

या शिक्षणाचे यश शिकलेला विद्यार्थी कोठे चमकला यावर मोजले जाते. परंतु तो कोठे परतला, हेही पाहिले पाहिजे. मणिपूरचे रतन थिय्याम १९७४ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले. मुंबईच्या चित्रसृष्टीची वाट न धरता ते इंफाळला गेले आणि १९७६ मध्ये त्यांनी ‘कोरस रेपर्टरी थिएटर’ उभे केले. त्यांच्या ‘चक्रव्यूह’ या १९८४ मधील नाटकाने महाभारतातील अभिमन्यूची कथा मणिपुरी युद्धकला आणि संगीत यांच्या आधारे जगभर नेली. थिय्याम २०२५ मध्ये निवर्तले. पण ईशान्येकडील एका लहान राज्याचे नाव त्यांनी जागतिक रंगभूमीच्या नकाशावर कोरून ठेवले. दिल्लीतील शिक्षण इंफाळच्या कामी आले. राष्ट्राची एकात्मता बोलण्यातून जितकी साधते, त्याहून अधिक अशा कामातून साधते.

संगत आणि शिस्त

आईच्या काळजीलाही उत्तर दिले पाहिजे. उत्तम नाट्यशिक्षण हे स्वैर वागण्याचे निमित्त कधीच नसते. इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. त्यांची शिस्त प्रसिद्ध होती. वेळ पाळणे, रंगमंच स्वच्छ ठेवणे, नेपथ्याचे खिळे ठोकणे ही कामे भूमिकेइतकीच महत्त्वाची मानली जात. मोठी भूमिका करणाऱ्यालाही पडद्यामागची कामे चुकत नसत. शाखेवर किंवा शिबिरात वाढलेल्या तरुणाला ही शिस्त परकी वाटणार नाही.

तरीही पालकांनी डोळे मिटून प्रवेश घेऊ नये. विभागाला स्वतःचे रंगमंदिर आहे काय? पूर्णवेळ शिक्षकांची किती पदे भरलेली आहेत? वर्षाकाठी विद्यार्थ्यांची किती नाटके होतात? रात्री तालीम संपल्यावर मुलींच्या परतीची व्यवस्था काय? २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती नेमलेली आहे काय आणि ती खरोखर काम करते काय? हे प्रश्न विचारणारा पालक विभागाचा शत्रू नसतो. अशा पालकांमुळेच विभाग सुधारतात.

आक्षेप आणि विवेक

शेवटी एका नाजूक विषयाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांचे नाटक म्हटले की त्यात धाडस येते आणि कधी कधी अविचारही येतो. त्यावरून समाजात क्षोभ उसळतो. अशा वेळी काय करावे, याचे मार्गदर्शन नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. तेथील कथेनुसार पहिला नाट्यप्रयोग देवांच्या विजयाचा होता. तो पाहून दैत्य संतापले. त्यांनी विघ्ने उभी करून नटांची वाणी आणि स्मृती खुंटवली. इंद्राने जर्जर दंड उगारून विघ्नांना पिटाळले खरे. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. नाट्यगृह बांधले गेले, त्याच्या रक्षणाची व्यवस्था झाली आणि त्यानंतर ब्रह्मदेवाने स्वतः दैत्यांना बोलावून सामोपचाराने समजावले. हे नाट्य एकट्या देवांचे नाही आणि एकट्या दैत्यांचेही नाही, त्रैलोक्यातील भावांचे ते अनुकीर्तन आहे, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे.

या कथेत दोन्ही बाजूंना बोध आहे. नाटक करणाऱ्याने श्रद्धेच्या विषयाला हात घालताना भवभूतीसारखी तयारी करावी. उथळ थट्टा म्हणजे धाडस नव्हे. आणि ज्याला नाटक खटकले त्याने ते पूर्ण पाहावे, जाणकारांना विचारावे, लेखणीने आणि चर्चेने उत्तर द्यावे. प्रयोग उधळून लावणे ही विघ्नांची रीत आहे. समजावणे ही ब्रह्मदेवाची. भरतमुनींचा वारसा सांगणाऱ्यांनी यांपैकी कोणती रीत पत्करायची, हे वेगळे सांगायला नको.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यामधील भिंती कमी करण्याचे आणि भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर नाट्यशास्त्राचे निवडक श्लोक परीक्षेपुरते पाठ करून घेणे पुरेसे नाही. गोदावरी केतकर यांच्यापासून रा. प. कंगले यांच्यापर्यंत मराठी अभ्यासकांनी भरतमुनींचा विचार मराठीत आणण्यासाठी परिश्रम घेतले. ते ग्रंथ वाचले जावेत आणि त्यांतील विचार रंगमंचावर पारखून पाहिला जावा. त्यासाठी भरलेली शिक्षकपदे, सुसज्ज तालीमघर आणि प्रयोगांसाठी निधी लागतो. हे मागण्याचे काम एकट्या विद्यार्थ्यांचे नव्हे.

समाजाने करण्यासारखी कामे फार मोठी नाहीत. आपल्या शहरातील नाट्यविभागाचे वार्षिक प्रयोग कधी असतात हे विचारून घ्यावे. तिकीट काढून, कुटुंबासह, ते पाहावेत. शाळांच्या संस्थाचालकांनी एखाद्या नाट्यपदवीधराला तासिका तत्त्वावर का होईना, वर्षभरासाठी बोलवावे आणि मुलांच्या वाणीत, उभे राहण्यात, दुसऱ्याचे ऐकून घेण्यात काय फरक पडतो ते पाहावे. प्रेक्षकाच्या अंगी कोणते गुण असावेत, हे भरतमुनींनी एका स्वतंत्र अध्यायात सांगून ठेवले आहे. ते अंगी बाणवण्यासाठी मात्र कोणत्याही विद्यापीठात प्रवेश घ्यावा लागत नाही.